९६ डिग्री आणि मामय्यांचा आवाज

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचते, पण खरं सांगायचं तर करमणूक म्हणून. वाचून झालं की नवऱ्याला म्हणायची, "बघ, आणखी एकाला पिंपळाखाली पांढरी साडी दिसली." माझं माहेर मोहोळचं, बौद्ध कुटुंब. अंगात येणं, करणी, देवस्की असा शब्द जरी कुणी काढला तरी आमचे वडील भरल्या ताटावरून उठायचे. त्याच वळणावर मी वाढले. त्यामुळे आज मीच इथं लिहायला बसलेय याचं माझं मलाच हसू येतंय... पण घडलं ते घडलं. जसं घडलं तसं सांगते.

आम्ही सोलापुरात भवानी पेठेत राहतो. तळमजल्यावर दोन खोल्या, मागं चिमूटभर अंगण. घरात तिघं — मी, नवरा श्रीनिवास आणि सासरे. सासरचं घर तेलुगू विणकरांचं. सासऱ्यांना मी 'मामय्या' म्हणते. सासूबाई आमच्या लग्नाआधीच गेल्या.

मामय्या गिरणीत जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. तीस-बत्तीस वर्षं तेच काम. रस्त्यानं जाता जाता कुणाच्या शेडमधला माग नुसता ऐकून सांगायचे, "ह्याचं बेअरिंग आठ दिवसांत जाणार." आणि जायचं! आमच्या लग्नाला त्यांच्या भावकीतलं कुणी फिरकलं नाही. मामय्या मात्र नवं धोतर नेसून सगळ्यात पुढं बसले होते. मला म्हणाले, "घरात एक तरी शिकलेलं माणूस येऊ दे की." पुढं मला तेलुगू त्यांनीच शिकवलं, आणि कापडही. मी चादरी-टॉवेलची डिझाइन्स काढते, घरी, कॉम्प्युटरवर. कुठला धागा कुठल्या धाग्यावरून गेला की फूल उमटतं, हे मला सॉफ्टवेअरनं नाही, मामय्यांनी समजावलं.

गेल्या पावसाळ्यात त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही गेलं. समजायचं सगळं, पण तोंडातून शब्द निघायचा नाही. नुसता "आं... आं..." सात रस्त्याजवळच्या एका सेंटरमध्ये फिजिओथेरपी सुरू केली. तिथल्या मॅडम अकलूजच्या, तरुण आणि चिकाटीच्या. त्यांनी आम्हाला स्पष्ट सांगितलं होतं, "बोलणं परत यायचं तर पहिलं वर्ष महत्त्वाचं. नंतर येत नाही असं नाही, पण अवघड होत जातं."

एप्रिल उजाडला तेव्हा दहावा महिना चालू होता, आणि मामय्यांनी धीर सोडला होता. चित्रांची कार्डं समोर धरली की भिंतीकडं तोंड फिरवायचे. सेंटरला न्यायला श्रीनिवासनं हात धरला की अंग सैल सोडून द्यायचे. तो माणूस अख्ख्या आयुष्यात कधी कुठल्या मशीनपुढं हरला नव्हता हो... आणि आता आमच्या डोळ्यांत बघतही नव्हता.

त्यातच माझ्या कॉम्प्युटरनं ताप काढला. अक्षरशः ताप!

एका कारखानदारानं पहिल्यांदाच चादरींचा पूर्ण सेट माझ्या एकटीवर सोपवला होता. सहा डिझाइन्स. एरवी मला किरकोळ दुरुस्त्याच मिळायच्या — याचा रंग बदल, त्याची किनार वाढव. हा सेट जमला असता तर लोकांनी मला डिझायनर म्हणून ओळखलं असतं. आणि नेमकं तेव्हाच मशीन मधेच फटकन बंद पडायला लागलं. टेंपरेचर दाखवणारं एक छोटं सॉफ्टवेअर टाकलं तर डोळेच पांढरे झाले. काहीही चालू नसताना प्रोसेसर ६८ डिग्री! डिझाइन कापडावर कसं दिसेल ते बघायला घेतलं की ८५, ९०, ९६... आणि बंद.

मी जे जे करता येईल ते केलं. ब्लोअरनं सगळी धूळ काढली. टेबल खिडकीजवळून हलवून आतल्या भिंतीला लावलं. मागं काही फालतू प्रोग्राम चालतात का ते शोधून बंद केले, व्हायरस तपासला, पंख्याचा वेग सेटिंगमध्ये जाऊन फुल्ल केला. कॅबिनेटची बाजूची पाटी काढून समोर टेबलफॅन लावला... चार डिग्रीचा फरक. शेवटी ओळखीच्या इरफानभाईंना बोलावलं. त्यांनी प्रोसेसरची उष्णता कूलरकडं नेणारी वाळलेली पेस्ट खरवडून नवी लावली, वर कूलर परत बसवला. दोन दिवस जरा बरं चाललं, मग पुन्हा तेच. तेव्हा ते म्हणाले, "भाभी, सोलापूर की गरमी है, कंप्यूटर भी क्या करेगा? मेरे को लगता, बोर्डच गया. बदल डालो."

हे सगळं चालायचं ते बाहेरच्या खोलीत, मामय्यांच्या कॉटसमोर. ते कुशीवर पडून बघत असायचे. एक गोष्ट मला तेव्हा कळली नाही, ती इथं सांगायला हवी. मी कॅबिनेट उघडून बसले की ते डावा हात उचलायचे, चार बोटं पुढं करायचे आणि त्यातलं एक मिटायचे. पुन्हा चार, पुन्हा एक मिटलेलं. वर "आं... आं..." मी पाणी द्यायचे. एकदा चार बिस्किटं दिली. त्यांनी ती बशी ढकलली आणि भिंतीकडं वळले. मला वाटलं, चिडचिडे झालेत.

आता तो दिवस.

दुपारी साडेतीनला श्रीनिवास त्यांना रिक्षातून सेंटरला घेऊन गेला. जाताना मामय्या अडून बसले होते. श्रीनिवास वडिलांना काकुळतीला येऊन म्हणाला, "नान्ना, आजच्या दिवस चला. उद्यापासून नाही म्हणालात तर नाही नेणार, बास?" तेव्हा कुठं उठले. मी त्यांच्या कॉटवरची चादर झटकून घडी घालून ठेवली, दाराला आतून कडी लावली आणि कामाला बसले. शेजारच्या शेडमधले माग त्या दिवशी बंद होते, आठवड्याची सुट्टी. गल्ली एकदम चिडीचूप. बाहेर ऊन असं की चिटपाखरू नाही.

चार वाजून गेल्यावर मशीन बंद पडलं. चौथं डिझाइन सेव्ह व्हायच्या आत. मला रडूच कोसळलं. डोळे पुसले, वायर काढली, कॅबिनेट पुढ्यात घेऊन फरशीवर बसले. पाटी काढली आणि नुसती बघत राहिले, कारण करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

आणि माझ्या पाठीमागून आवाज आला.

"ओक कालु आनलेदु."

एक पाय टेकला नाही.

मामय्यांचा आवाज. आजारपणातला घोगरा नव्हे. पूर्वीचा. गिरणीच्या खडखडाटात बोलून बोलून जरा मोठा आणि खणखणीत झालेला, तो. थोडं थांबून, मला शिकवताना थांबायचे तसंच, पुढं आलं, "किंदा... एडमा."

खाली, डावीकडं.

मी सवयीनं "हां मामय्या" म्हणूनही गेले. मग भानावर आले आणि वळून बघितलं. कॉट रिकामी. चादरीची घडी मी ठेवली तशीच. दाराला आतून कडी. उठून अंगणात बघून आले, कुणी नाही. शेजारी टीव्ही लागला असेल म्हणून भिंतीला कान लावला, शांत.

भीती वाटली का? इथले वाचक हे नक्की विचारतील म्हणून सांगते... ती भीती नव्हती. दहा महिन्यांनी तो आवाज ऐकला होता मी. पुन्हा ऐकू यावा असंच वाटत होतं.

मग खाली बसले. प्रोसेसरवर जो कूलर बसतो ना — पंखा असलेला — तो प्लॅस्टिकच्या चार पायांवर बोर्डाला दाबून बसवलेला असतो. चार पाय! मी खालच्या डाव्या पायाला बोट लावलं. वरून चांगला बसलेला दिसत होता, पण बोटाखाली किंचित डुगडुगला. कॅबिनेटची दुसऱ्या बाजूची पाटी काढून बोर्डाच्या मागून बघितलं. तीन पायांची टोकं आरपार येऊन घट्ट फाकली होती. चौथ्याचं टोक चिरलेलं, अडकलेलंच नव्हतं. म्हणजे कूलर एका कोपऱ्यातून केसभर उचललेला. म्हणून कितीही पेस्ट लावा, पंखे लावा, उष्णता वर जाणार कशी?

मशीन चालू केलं. ७४... ७९... ८३ चढायला लागलं. मी अंगठ्यानं तो पाय दाबून धरला. आकडा थांबला. मग ७०. ६१. ५४. मी हसत होते की रडत होते कुणास ठाऊक.

तेवढ्यात फोन वाजला. डाव्या हातानं उचलला. श्रीनिवास. त्याला धड बोलता येत नव्हतं.

"अगं... अगं, नान्ना बोलले! आत्ता! उभं केलं होतं त्यांना आधाराच्या दांड्यांमध्ये, आणि एकदम — स्पष्ट बोलले गं! पूर्ण वाक्य!"

म्हटलं, "थांब. तू नको सांगू. मी सांगते. 'ओक कालु आनलेदु. किंदा, एडमा.' हेच ना?"

तो हळूच म्हणाला, "तुला... कुणी सांगितलं?"

दुसऱ्या दिवशी मी स्वतः सेंटरला गेले. मॅडमना तेलुगू येत नाही. पण दहा महिन्यांनी पहिलं वाक्य आलं म्हणून त्यांनी ते कानावर पडलं तसं पेशंटच्या फाइलमध्ये उतरवून ठेवलं होतं, वेळेसकट. सव्वाचार. त्यांच्या अक्षरात, देवनागरीत — 'ओक कालू आन लेदू, किंदा एडमा'. शेजारी प्रश्नचिन्ह. मला विचारलं, "अर्थ काय हो याचा?" मी सांगितला. त्या खुश झाल्या. "बरोबर आहे की! उभं केल्यावर त्यांचा पाय जमिनीला नीट टेकत नव्हता, तेच सांगत होते." मी म्हटलं, "मॅडम, त्यांचा उजवा पाय गेलाय. डावा तर धडधाकट आहे." त्यावर त्या म्हणाल्या, या आजारात डावं-उजवं गोंधळू शकतं. असेलही. मी वाद घातला नाही.

मी खूप विचार केलाय यावर. मामय्यांना तो पाय कसा कळला, हे मला कळतं. महिनाभर ते समोरून बघत होते, आणि मशीनचं दुखणं ओळखण्यात त्यांचा जन्म गेला. ती चार बोटं, त्यातलं मिटलेलं एक... आणि मी त्यांना बिस्किटं दिली. असंही म्हणता येईल की मलाच कुठंतरी आतून ते उमगलं, आणि माझ्या मनानं त्याला त्यांचा आवाज लावला. हे मी मानलंही असतं. पण मग तीन-चार किलोमीटरवर, त्याच सुमाराला, तेच शब्द, त्याच क्रमानं? फोन तोवर आलेला नव्हता, कॉलची वेळ चार बावीस आहे. मी पाच वेळा बघितली.

कूलर बदलला. आता भर कामातही ६५ च्या वर जात नाही. सहाही डिझाइन्स वेळेत गेली, त्यातली चार मागावर चढली. इरफानभाईंना चिरलेला पाय दाखवला तर कपाळाला हात लावून म्हणाले, "भाभी, ये मेरे को कैसा नहीं दिखा?" कसा दिसला ते मी त्यांना सांगितलं नाही.

आणि मामय्या? त्या दिवसानंतर श्रीनिवासला त्यांना कधी ओढून न्यावं लागलं नाही. रिक्षा यायच्या आधी दारात तयार. पुढचे पंधरा दिवस पुन्हा काहीच बोलले नाहीत, आमचा जीव टांगणीला. मग एका सकाळी "चहा". मग "वैशाली", म्हणजे मी. आता तीन-चार शब्दांची वाक्यं येतात, अडखळत, तेलुगू-मराठी मिसळून.

मागच्या आठवड्यात धीर करून विचारलं, "मामय्या, त्या दिवशी मला हाक मारली होती का हो तुम्ही?" ते एकेक शब्द जुळवत म्हणाले, "किती... दिवस... सांगत... होतो." त्या दिवसाबद्दल म्हणाले, की त्याआधीच्या सगळ्या दिवसांबद्दल? पुन्हा विचारलं तर नुसते हसले.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडं नाही. श्रीनिवासकडं नाही, मॅडमकडं नाही. माझे वडील असते तर त्यांनी काय म्हटलं असतं, तेही ठाऊक नाही. कुणाला काही सुचलं तर जरूर लिहा, मी मोकळ्या मनानं वाचेन.

आत्ता हे टाइप करतेय तेव्हा मामय्या दारात खुर्ची टाकून बसलेत आणि गाडीवाल्याशी कोथिंबिरीवरून हुज्जत घालतायत. "शिळी. काल. ची." गाडीवाला दहा मिनिटं बोलतोय. ह्यांचे दोनच शब्द, पुन्हा पुन्हा. आणि जिंकतायत.