मऊ भात मिळेल का? सुस्त पोट घेऊन साताऱ्याहून तासगाव-सांगली

तासगावहून आपांचा फोन आला तेव्हा नकार माझ्या ओठांवर तयार होता. आपा म्हणजे माझ्या नवऱ्याची, सलीमची थोरली बहीण. त्यांच्या मुलीची, सनाची मंगनी म्हणजे साखरपुडा ठरला होता. गेलं वर्षभर मी लग्न, बाळांचे अकीके, दावत सगळं काही ना काही कारण काढून टाळत आले होते. पण सना माझ्या अंगाखांद्यावर वाढलेली पोर. मी येते म्हणून टाकलं आणि फोन ठेवल्यावर घाबरले.

घाबरले ते जेवणाला. मला साखरेचा आजार जुना आहे. त्यानं पोटाच्या नसा मंदावल्या. सकाळी खाल्लेलं संध्याकाळपर्यंत पोटात तसंच बसून राहतं. चार घास खाल्ले की गळ्यापर्यंत भरल्यासारखं होतं, मळमळतं, कधी आदल्या दिवशीचं जेवण उलटून पडतं. हे समजायला मला फार वर्षं लागली, कारण ज्याला त्याला ते आधीच समजलेलं होतं. कुणी ॲसिडिटी म्हणालं, कुणी गॅस. एका डॉक्टरांनी तर मान वर न करता सांगितलं की या वयात बायकांना टेन्शन असतं. शेवटी पुण्यात तपासणी झाली. औषध घातलेली इडली खायला दिली आणि ती पोटातून कधी सरकते ते यंत्राखाली पाहिलं. ती काही केल्या सरकेना. इतकी वर्षं मी जे सांगत होते, ते त्या इडलीनं सांगितल्यावर सगळ्यांना पटलं. त्याचा राग अजून गेलेला नाही.

ज्यांना असाच त्रास आहे आणि म्हणून जे घराबाहेर पडत नाहीत, त्यांच्यासाठी हे लिहितेय. निघताना मी दोन थर्मास भरले: एकात मुगाचं गाळलेलं कढण, दुसऱ्यात पातळ रव्याची लापशी. सोबत मऊ भाताचा डबा, साधी बिस्किटं, ग्लुकोजची पुडी, इन्सुलिन आणि साखर तपासायचं यंत्र. माझा नियम सोपा आहे. थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा, नीट चावून. तेल-तूप कमी, सालं, बिया, कच्च्या कोशिंबिरी बंद. खाल्ल्यावर आडवं व्हायचं नाही, थोडं चालायचं. हे माझ्या डॉक्टरांनी मला बसवून दिलेलं आहे, तुमचं तुमच्या डॉक्टरांना विचारा. गंमत म्हणजे लोक ज्याला पौष्टिक म्हणतात, ती ज्वारीची भाकरी, मोड आलेली मटकी, गाजर-काकडी, तेच माझ्या पोटात गोळा होऊन बसतं. हे कुणालाही सांगून पाहा. तुम्ही खोटं बोलताय असंच तोंड करतात.

साताऱ्याहून सकाळीच निघालो. कराडपर्यंत हायवे, पण मधे मधे कामं चालू आहेत. वळणरस्त्यांवर गाडी उसळते आणि भरल्या पोटाला ते सोसत नाही, म्हणून निघण्याआधी मी फक्त अर्धी वाटी लापशी घेतली होती. कराडच्या अलीकडे एका मोठ्या हॉटेलात थांबलो. सलीमला भूक लागली होती. मी वेटरला विचारलं, मऊ भात आणि बिनफोडणीचं वरण मिळेल का. तो म्हणाला, थाळीच घ्यावी लागेल. मी म्हटलं, थाळीचे पूर्ण पैसे घ्या, पण द्या एवढंच. त्यानं मॅनेजरला बोलावलं. मॅनेजरनं सांगितलं की डाळीला तडका आधीच पडलेला असतो, आणि भात मोकळाच असतो, तीच आमची खासियत आहे. मग मी माझा डबा काढला. त्यानं भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. बाहेरचे पदार्थ खाण्यास मनाई.

म्हणजे त्यांचं मला चालत नाही आणि माझं त्यांना चालत नाही. मी बाहेर चिंचेखाली उभी राहून कढण प्यायले आणि गाड्यांच्या रांगेतून फेऱ्या मारल्या. वॉचमननं येऊन विचारलं, मॅडम, गाडी सापडंना व्हय? मी म्हटलं, गाडी सापडली, जेवण सापडलं नाही.

कराड सोडलं की कडेगाव, विट्याचा रस्ता. ऊस भरलेल्या जोड-ट्रेलरमागे अडकलात तर ओव्हरटेकची घाई करू नका. कडेगावात स्टँडजवळच्या एका टपरीवर दोन इडल्या घेतल्या, सांबार-चटणी नको म्हटलं. बाईंनी नुसत्या इडल्या दिल्या, चमचाभर ताक वर घातलं आणि पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळल्या. कसलीच चौकशी नाही. सगळ्या प्रवासात इतकं सुखाचं मी काही खाल्लं नाही.

तासगावच्या अलीकडे द्राक्षबागा सुरू होतात आणि मधे मधे हिरव्या जाळ्यांची उंच बेदाणा शेडं. आपांच्या घरामागेही एक आहे. जाळीच्या थरांवर पसरलेली द्राक्षं, आंबूस-गोड वास, शेडमध्ये शिरल्यावर अंगाला लागणारा कोरडा वारा. आपांनी ओंजळभर बेदाणे पुढं केले. मी एक उचलला आणि बराच वेळ चघळून साल टाकून दिलं. आपांना ते आवडलं नाही.

संध्याकाळी जेवायला बसलो तर शेजारणीही आल्या होत्या. एकजण म्हणाली, लय बारीक झालीस गं, कसं जमवलंस? मी हसले नाही. माझं वजन उलट्यांनी उतरलं होतं आणि त्याबद्दल माझं कौतुक चाललं होतं. मी माझा मऊ भात आणि गाळलेला रस्सा घेतला. आपा प्रत्येक घासाला माझ्या ताटाकडे बघत होत्या.

मंगनीच्या सकाळी त्यांनी मला माजघरात बोलावलं. सलीमही तिथं होता. आपा हलक्या आवाजात म्हणाल्या, "आज पावण्यांच्या बरोबर बस आणि सगळ्यांसारखं खा. डबा काढू नगंस. पोराकडची माणसं इचारतील. घरात आजार हाय म्हणून बोभाटा व्हायला नगं."

मला आधी कळेचना. मी सनाची मामी. मामी म्हणजे बाहेरून लग्न करून आलेली. माझ्या पोटाचा आणि सनाच्या रक्ताचा काडीचा संबंध नाही. हे मी बोलून दाखवलं. आपा म्हणाल्या की लोक एवढा हिशेब करत बसत नाहीत. मी सलीमकडे पाहिलं. तो खाली बघत म्हणाला, "एक दिवसाचा तर प्रश्न आहे, नसीम."

वाचणाऱ्यांनी मला मूर्ख म्हटलं तरी चालेल, पण मी बसले. समोर बिर्याणीचं भरलेलं ताट आलं. त्या ताटाच्या मानानं मी इन्सुलिन घेतलं. चारी बाजूंनी आग्रह होत होता आणि अर्धं ताट संपेपर्यंत कुणी मला सोडलं नाही. वर शिरखुर्मा. आपा लांबून समाधानानं बघत होत्या.

दुपारी शेडच्या सावलीत बायका गप्पा मारत बसल्या होत्या. मला दरदरून घाम फुटला, बोटं थरथरायला लागली. बिर्याणी पोटात दगडासारखी बसलेली, रक्तात काहीच उतरलेलं नाही, आणि इन्सुलिन मात्र आपलं काम करत होतं. साखर तपासली तर आकडा बघून आणखीच घाबरले. ग्लुकोजचं पाणी घोट घोट घेतलं, पण सुस्त पोटात तेही लवकर सरकत नाही. तेवढ्यात भडभडून उलटी झाली. सगळ्यांसमोर.

सना पळत आली. जरीचा दुपट्टा तिनं बाजूला टाकला, माझं डोकं धरलं आणि ग्लुकोज ओलं करून माझ्या गालात, हिरड्यांवर चोळत राहिली. आपा तिला मागं ओढत होत्या, कपडे खराब होतील म्हणून. ती हलली नाही.

हळूहळू थरथर थांबली. डोळे उघडले तर समोर नवऱ्या मुलाची आई उभी होती. आपा घाईनं सांगायला लागल्या की उन्हाचा त्रास झाला, सकाळपासून डोकं दुखत होतं. तेव्हा मात्र मला राहवेना. मी भिंतीला टेकून बसले आणि सगळं सांगितलं: साखर, पोट, पुण्याची इडली, थर्मासातलं कढण. सलीम दारात उभा राहून ऐकत होता.

त्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग आपांकडे वळून विचारलं, "मग ह्यांना बिर्याणी कुणी वाढली?"

उत्तराची वाट न बघता त्यांनी पाणी मागवलं, सनाच्या हाताला लागलेलं स्वतः धुतलं आणि मंगनी पुढं सुरू झाली. मोडली नाही, थांबली नाही. ज्या भीतीपायी मला जेवायला बसवलं होतं ती एवढीच होती.

मी आपांना एकच वाक्य बोलले. "आपा, तुमचं प्रेम मला ठाऊक आहे, पण आज तुम्ही मला नाही म्हणायला जागाच ठेवली नाहीत." त्या भांडी गोळा करत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सांगलीमार्गे परत फिरलो. सांगलीत शेजाऱ्यांसाठी भडंग घेतलं. कृष्णेच्या घाटावर सकाळी किंवा उतरत्या उन्हात जा, चालायला छान जागा आहे. जेवायला एका साध्या खानावळीत बसलो. पोऱ्या येण्याआधीच सलीम उठून थेट मालकाकडे गेला. मला त्याचा चढता आवाज ऐकू येत होता: भात जास्त पाणी घालून पुन्हा शिजवा, वरणाला फोडणी नको, आम्ही थांबतो. मालक म्हणाला, गर्दीची वेळ आहे. सलीम म्हणाला, "माझी बायको काल मरता मरता वाचलीय. मी बसवली होती तिला जेवायला." खानावळीतली माणसं वळून बघायला लागली.

भात आला. नीट मऊ होता. मी तो सावकाश खाल्ला आणि मग आम्ही दोघं आयर्विन पुलावर जाऊन आलो. त्यानं माफी मागितली. मी ऐकून घेतली. ताबडतोब विसरून जायला मात्र मी तयार नव्हते, आणि तेही त्याला सांगितलं.

आता साताऱ्यात घरी आहे. या प्रवासानं मला काय दिलं असं विचाराल तर थर्मास घेऊन कुठंही जाता येतं एवढं नक्की कळलं. रस्ता, ऊन, लांबचं अंतर, हे सगळं माझ्या पोटानं निभावून नेलं. नाही निभावला तो फक्त आग्रह. बाहेर पडा, पण डब्याची लाज बाळगू नका, आणि कुणी लाज वाटायला लावली तर तिथं बसू नका.

काल आपांचा फोन आला. लग्नाची तारीख धरायची चालली आहे. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्या म्हणाल्या, "तुझ्यासाठी मऊ भात वेगळा लावू. फक्त जरा आत बसून खा."

मी म्हटलं, "भात लावा, आपा. मी पंगतीत बसूनच खाणार."

त्या म्हणाल्या, "बरं, भातात पाणी किती घालायचं ते सांग."