दुसरं पिवळं कार्ड

मिलिंदच्या बायकोचा, म्हणजे वहिनींचा फोन आला तेव्हा मी गिरगावात घराखालच्या फुटपाथवर मेथीची जुडी बघत होतो. "भाऊजी, हे गेले सकाळी," एवढंच त्या म्हणाल्या. मी "हो, हो, येतो" म्हणालो, मेथी तिथेच टाकून नायगावला निघालो. त्याला आता दीड महिना होईल. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात जुना मित्र म्हणून मलाच बोलायला उभं केलं. मिलिंद किती खिलाडू होता, किती सरळ होता, असं मी पाच मिनिटं बोललो. लोकांनी डोळे पुसले. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, तरी खाली बसताना मला स्वतःची किळस आली. इतकी वर्षं जे गिळलं, ते तिथेही गिळलं.

मिलिंद नायगावच्या बीडीडी चाळीतला. आमच्या कंपनीने त्याला फुटबॉलसाठी घेतलं होतं आणि मला बहुधा अक्षरासाठी. तो डिस्पॅचमध्ये पार्सलं बांधायचा, मी क्रीडा विभागात संघाची कागदपत्रं सांभाळायचो. तो स्टॉपर बॅक खेळायचा, बचावफळीच्या मधोमध. उंची बेताची, पण उडी अशी की समोरचे धिप्पाड फॉरवर्ड नुसते मान वर करून बघत राहायचे. आणि स्वभाव असा की कुणाला पाडलं तर रेफरीची शिट्टी वाजायच्या आत याचा हात पुढे, उठवायला. आम्ही पोरं त्याला चिडवायचो, की तू डिफेंडर आहेस की वॉर्डबॉय!

पस्तीसेक वर्षांपूर्वी आमचा संघ आशियातल्या क्लबांच्या स्पर्धेत उतरला. आज सांगितलं तर कुणाला पटत नाही. आमच्याकडे कारकून आणि फिटर, समोर परदेशातले पगारी खेळाडू. गटातले तिन्ही सामने मुंबईतच होते. पहिला आम्ही चक्क जिंकलो. त्यात मिलिंदला एक पिवळं कार्ड मिळालं. स्पर्धेत दोन पिवळी कार्डं झाली की पुढच्या सामन्यात बाहेर बसायचं, असा नियम. कुणाला कार्ड मिळालं हे मी बाकावर बसून वहीत टिपायचो. दुसऱ्या सामन्यात मिलिंदने एकाला आडवं केलं, दोन्हीकडचे खेळाडू धावून आले आणि त्या घोळक्यात रेफरीने पिवळं कार्ड वर धरलं, नेमकं कुणाला ते कुणालाच नीट दिसलं नाही. मिलिंद तेव्हा सवयीप्रमाणे खाली वाकून त्या पडलेल्याला उठवत होता. सामना बरोबरीत सुटला. तो घाम पुसत बाकापाशी आला.

"शऱ्या, ते कार्ड मला होतं काय रे?"

"तुलाच. वहीत आहे," मी म्हणालो.

त्याने वही मागून बघितलीसुद्धा नाही. माझ्या वहीत चूक नसते असा माझा लौकिक होता, आणि तो मीच पसरवला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी स्पर्धेच्या कचेरीत कार्डांची अधिकृत यादी लागायची. ती बघून येणं माझंच काम. मी गेलो नाही. कंटाळा केला, दुसरं काही कारण नाही.

पुढच्या फेरीत जायला तिसऱ्या सामन्यात बरोबरी पुरली असती. चाळीतून दोन बसगाड्या भरून माणसं आली होती, ती फक्त मिलिंदला बघायला. तो त्यांच्यातच, इस्त्रीचा शर्ट घालून, स्टँडमध्ये बसला. दोन कॉर्नर, दोन हेडर, दोन गोल... दोन्ही वेळा चेंडू जिथून आत गेला, तिथे एरवी त्याचं डोकं असायचं. परतीच्या बसमध्ये कुणी त्याच्याशी बोललं नाही, हे त्यानेच मला नंतर सांगितलं. दहा दिवसांनी टपालाने रेफरीचा अहवाल आला. ते कार्ड आमच्या कॅप्टनला होतं, हुज्जत घातल्याबद्दल. मी कागद वाचला, घडी घातली आणि फाईलच्या तळाशी सरकवला. नोकरी नवी होती, लग्न ठरलं होतं. आधी भीती वाटली म्हणून गप्प बसलो, मग फार उशीर झाला म्हणून.

मिलिंदने पुढच्याच वर्षी खेळणं सोडलं. कंपनीने ज्युनियर संघाला शिकवशील का विचारलं, तर म्हणाला, "ज्याचा स्वतःच्या पायावर ताबा नाय, तो दुसऱ्यांना काय शिकवणार?" निवृत्त होईपर्यंत पार्सलं बांधत राहिला. आम्ही महिन्या-दोन महिन्यांनी दादरला भेटायचो, गप्पा कुठूनही सुरू झाल्या तरी त्या मॅचपाशी यायच्याच. मी तेवढा वेळ चहात बघत बसायचो. शेवटची भेट हॉस्पिटलात झाली. हात सुजलेला, आवाज खोल गेलेला. "शऱ्या, मी तो टॅकल मारला नसता ना, तर आपण पुढे गेलो असतो. पण तुम्ही सगळ्यांनी सांभाळून घेतलं रे मला." तेव्हा तरी तोंड उघडायचं! खोलीत आम्ही दोघंच होतो. मी काय म्हणालो? "जाऊ दे रे मिल्या, झालं गेलं." म्हणजे मी त्याला माफ केलं. तो खरंच हसला, त्याला बरं वाटलं. त्या हसण्याने माझी आता झोप उडवली आहे.

गेल्या रविवारी वहिनींकडे गेलो, चाळीच्या जागी झालेल्या नव्या टॉवरमधल्या घरी. त्या चहा ठेवायला उठत होत्या, त्यांना थांबवलं. एकदा चहा आला असता तर मी तो पिऊन निघून आलो असतो. सगळं सांगितलं, वही, यादी, तो कागद. ज्याला सांगायचं तो उरला नव्हता, म्हणून हिंमत झाली असेल. वहिनी रडल्या नाहीत, ओरडल्याही नाहीत.

"टीव्हीवर मॅच चालू असली ना," त्या म्हणाल्या, "आणि कुणाला पिवळं कार्ड दाखवलं, की हे उठून गॅलरीत जायचे. संपेपर्यंत आत यायचे नाहीत. मी म्हणायची, अहो या ना. तर म्हणायचे, राहू दे, मी बाहेरच बरा."

वहिनी उठल्या आणि त्यांनी गॅलरीचं सरकतं दार उघडलं.

"आता तुम्ही उभे राहा तिथे."

मी जाऊन उभा राहिलो. मागे दार सरकल्याचा आवाज आला. किती वेळ, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.