मानाच्या गाड्या आधी

हणमंततात्या गेल्याचा फोन आला, तेव्हा मी केंद्रावर दुधाचे नमुने तपासत होते. हातातलं काम पुरं केलं आणि मगच रडले. अर्धवट काम त्यांना खपत नसे...

लष्कराच्या पुरवठा विभागातून निवृत्त झाल्यावर तात्या साताऱ्याजवळच्या आमच्या दूध केंद्राचे व्यवस्थापक झाले. दूध संघाला कामात सुधारणा हवी होती. आम्हाला वाटलं, आता नवी यंत्रं येणार, भिंतींवर फलक लागणार. हा माणूस मात्र कितीतरी दिवस नुसता फाटकात उभा. मी चिडवलं, "तात्या, पगार पहारेकऱ्याचा घेताय का?" तर म्हणाले, "आदी बगायचं, पोरी. मग एकच गोष्ट बदलायची. चार बदलल्या की एकबी टिकत न्हाई."

त्यांनी जे हेरलं, ते आम्ही रोजच पाहत होतो. दुधाच्या गाड्या रिकाम्या करायचा क्रम मानाचा होता. ज्या गावांनी संघ उभा केला, त्यांच्या गाड्या आधी. मेढ्याकडची गाडी डोंगरातून, सगळ्यांत लांबून यायची आणि शेवटी रिकामी व्हायची. तोवर उन्हात दूध नासायचं आणि मला ते परत पाठवावं लागायचं. लांबची गाडी आधी घ्यायची, एवढीच तात्यांची सुधारणा. तिला पैसाही लागणार नव्हता.

थोडे दिवस ती चालली, दूध टिकलं. मग मानाच्या गावांची माणसं बैठकीत येऊन बसली. "आवं तात्या, त्यांचं दूध नासतंय ते आमाला कळतंय. पर आमची गाडी मागं ऱ्हायली तर गावात त्वांड कसं दावायचं?" संघाच्या अध्यक्षांनी त्यांचंच ऐकलं आणि जुना क्रम परत आला. तात्या पुढेही सांगत राहिले, पण सगळं पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी शेवटी ते फाटकाकडे फिरकेनासे झाले. त्यांनी हात टेकले, याचा मला राग यायचा. पण माणसानं भिंतीशी बोलायचं तरी किती?

तात्या गेल्यावर महिन्याभराने केंद्राच्या आवारातच शोकसभा झाली. काम थांबवून सगळ्यांना बसवलं. भाषणंसुद्धा मानाच्याच क्रमाने झाली आणि तात्यांनी शिस्त लावली, असं प्रत्येकाने सांगितलं. ऊन चढत होतं. मेढ्याच्या गाडीचा ड्रायव्हर हळूच माझ्याजवळ आला. "ताई, आमच्या दुधाचं बगा की." मी काय बघणार? गाड्या रिकाम्या करणारे सगळे सभेत होते.

सभा उठल्यावर त्याच्या दुधाचा नमुना उकळून पाहिला. फाटला. कॅन परत गाडीत चढवत त्याने विचारलं, "उद्याबी सभा हाय का?"

दुसऱ्या दिवशी सभा नव्हती. दूध तरीही फाटलं.