रुमाल टाकून धरलेली जागा

भुताखेतावर माझा कधीच विश्वास नव्हता. माळावर, मेंढरांमागं वाढलेली बाई मी, अंधाराला काय भ्यायचं! अन् हे तर भरदुपारचं आहे...

सलग दुसऱ्या दुष्काळाचं साल. औरंगाबाद म्हणा, संभाजीनगर म्हणा, शहर वाळूजकडं नुसतं पसरत होतं. आमची कॉलनी तिकडंच, नवी. घरं झाली, पण नळाला पाणी नाय. टँकर आठवड्यातून एकदा, तोही कधी येईल नेम नाय.

माझा धाकटा भाऊ नामा, फर्दापूरजवळ गावी. जन्मभर मेंढरं राखली. त्या साली चारा नाही म्हणून कळप मेव्हण्याकडं धाडलेला, अन् नामा पहिल्यांदाच रिकामा. मी फोनवर सांगितलं, इथं तारांगण आहे, दुपारी चांदण्या दाखवतात.

"म्हातारपणी मला दिवसा तारे दाखवतीस व्हय गं आक्का?" लई हसला. मग म्हणला, "आपलं बाजलं असतंय का त्यात? अन् ते चोरून नेणारे तीन चोर?" सप्तर्षीला आम्ही बाजलंच म्हणतो.

"मला काय माहीत! येऊन बघ."

ठरलं. गुरुवार, बाराचा शो. तो एसटीनं परस्पर येणार, मी गेटवर भेटणार. दोनदा टँकरनं मोडलं. ते खरंच टँकरनं. तिसऱ्या गुरुवारी मात्र... सांगूनच टाकते. कॉलनीतल्या बायका गुलमंडीला पातळं घ्यायला निघाल्या होत्या. मलाही हाक मारली, पहिल्यांदाच. सकाळीच नामाला फोन केला — "आज नको रे, टँकर आहे."

"मुंडासं बांधून बसलोय की!" म्हणला. अन् मग, "बरं. पाणी आधी."

मी पातळं बघत असतानाच भावजयीचा फोन आला. जेवून अंगणात आडवा झाला, तो उठलाच नाही. बाराच्या सुमाराला.

दोन महिन्यांनी मी एकटीच तारांगणाला गेले. पोचायला उशीर झाला. दारावर तिकीट बघणाऱ्या पोरीला म्हणलं, "जाऊ दे गं आत, टँकर आला व्हता."

ती बघतच राहिली. "तुम्ही आक्का का?"

मी नुसतीच मान हलवली.

"एक बाबा आले होते, मोठं मुंडासं. शेजारच्या खुर्चीवर रुमाल टाकून बसले. मी म्हणलं, बाबा, ही काय एसटी आहे का जागा धरायला? तर म्हणले, 'आक्का येतीय माझी. टँकर आहे म्हणती, पण गुलमंडीला गेलीय पातळ घ्यायला. येईल.' दिवे लागले तेव्हा दोन्ही खुर्च्या रिकाम्या."

कधीची गोष्ट, विचारलं. तिची नोकरीतली पहिलीच ड्यूटी, त्यामुळं दिवस पक्का ध्यानात. तोच गुरुवार. बाराचाच शो.

एवढंच विचारलं, "रागानं म्हणले का गं?"

"नाही हो, हसत होते. अंधारात मोठ्यानं बोलायचे, मीच दोनदा गप्प केलं त्यांना."

आता कुणी म्हणेल, दुसराच कुणी म्हातारा असेल. असेलही. दुष्काळात टँकर काय एकाच बहिणीच्या दारात येतो? पण गुलमंडीचं मी गावाकडं कुणालाच सांगितलं नव्हतं. ते कसं कळलं, मला आजपर्यंत उमगलं नाही.

भावजय अजून हळहळते, "वन्सं, तारांगण तेवढं बघायचं राहिलं वो त्यांचं." तिला सांगावं वाटतं — राहिलं नाय, बघून गेला. पण ते सांगायचं तर गुलमंडीचंही सांगावं लागतं... अन् मी गप्पच बसते.