ताईच्या कपाळावरचा डाग

ताईला शेवटची आंघोळ घालताना तिचं कुंकू धुतलं गेलं आणि खालचा पांढरा डाग उघडा पडला. खारघरच्या आमच्या सोसायटीतल्या एका बाईने दुसरीच्या कानात काहीतरी सांगितलं. दहाव्याच्या आधीच सून माझ्याजवळ येऊन बसली. “बाबा, आत्याबाईंना कोड होतं का? नाही म्हणजे... आपल्या सायलीचं ठरत आलंय. त्या लोकांना बाहेरून कळलं तर? टेन्शन आलंय हो.” मी “नव्हतं” एवढंच म्हणालो. बाकीचं आयुष्यभर बोललो नव्हतो, ते त्या दिवशीही तोंडातून निघालं नाही.

सुमनताई माझी थोरली बहीण. आम्ही तेव्हा लालबागला चाळीत राहायचो. तिला नीटनेटकं नटायची हौस होती. आंघोळीआधी साय आणि डाळीचं पीठ, मग चेहऱ्याला स्नो, त्यावर पावडरचा हलका हात, डोळ्यांत घरी धरलेलं काजळ. लिपस्टिक सिनेमातल्या बायकांची. ती आईने उंबऱ्याच्या आत येऊ दिली नसती. कुंकवाला आधी मेणाचा ठिपका लागायचा, त्यावर कोरडी पिंजर, आणि घाम आला की ती नाकावर उतरायची. अशात बाटलीतलं ओलं कुंकू निघालं. मी ज्या लहानशा कारखान्यात नोकरीला होतो तिथे ते बनायचं. पहिल्या घाण्यातली एक बाटली मी ताईला आणून दिली. दिवसभर ते कुंकू हलायचं नाही. नळावर बायका विचारायच्या, “सुमन, कुठून आणलंस गं?” ती म्हणायची, “आमच्या बंड्याच्या कारखान्यातलं.” चाळीत माझ्या बाटल्या खपल्या त्या तिच्या कपाळामुळे.

काही दिवसांनी ती म्हणाली, “बंड्या, याने खाज येते रे.” मी म्हणालो, “नवं आहे, सवय होईल. आणि आता तूच सोडलंस तर बायका काय म्हणतील?” तिने सोडलं नाही. आधी कातडी लाल झाली, सोलली, मग रुपयाएवढी जागा पांढरी पडली. आईने ते कोडच धरलं. बावचीचं तेल लावून ताईला उन्हात बसवलं, त्याने फोड आले. तिचं लग्न ठरलं होतं. मुलाची आई आली, कपाळाकडे बघत राहिली आणि चहाला हात न लावता उठली... त्याच सुमारास आणखी काही बायका कारखान्यात हीच तक्रार घेऊन आल्या. मालकाने त्यांना परत पाठवलं आणि गुपचूप कुंकवात घालायचा रंग बदलला. मी तिथेच उभा होतो. घरी सांगितलं असतं तर लग्न वाचलं असतं की नाही, माहीत नाही. पण आईने तिचा टॉवेल तरी वेगळा केला नसता. नोकरी जाईल म्हणून गप्प राहिलो. पुढे नोकरी सुटली, तरी गप्पच.

ताई शाळेत शिकवू लागली. डाग झाकायला मोठं कुंकू लावायची. बरोबरीच्या बाई चिडवायच्या, “सुमनबाई, एवढं मोठं कुंकू, आणि नवरा कुठे दडवलाय?” ती म्हणायची, “फिरतीवर असतो.”

निवृत्त झाल्यावर ती आमच्याकडे राहायला आली. शेवटच्या वर्षी तिचा हात कापू लागला, तेव्हा रोज सकाळी तिला आरशासमोर बसवून कुंकू मी लावायचो. “दिसतं का रे?” “नाही दिसत.” एकदा असंच लावत असताना ती आरशातून माझ्याकडे बघत म्हणाली, “ती बाटली आधी स्वतःच्या कपाळाला लावून बघायची होतीस, बंड्या.” एवढंच. मग पावडरचा डबा मागितला. तिला हे कधीपासून ठाऊक होतं, ते विचारायचं धैर्य मला झालं नाही.

गेल्या आठवड्यात सून आणि सायलीला समोर बसवून सगळं सांगितलं. कोड नव्हतं, आमच्या घराण्यात कुणालाच नव्हतं. सून सुटल्यासारखी झाली. सायलीने मात्र विचारलं, “आजोबा, तिला कधी सॉरी म्हणालात?” मी मान हलवली, नाही. ती उठून आत गेली.

ताईच्या खोलीतल्या आरशाच्या लाकडी कडेला कुंकवाची बोटं पुसल्याच्या खुणा आहेत, एकावर एक, गडद झालेल्या. परवा सून फडकं घेऊन आली आणि तिथे थबकली. “आत्याबाईंची बोटं आहेत, राहू देत,” म्हणाली आणि बाकीचा आरसा पुसून गेली.

ती बोटं ताईची नाहीत. माझी आहेत.