जवळ्यापासून होडीपर्यंत तीन पायऱ्या

आमच्या विज्ञानाच्या बाईंना नुसतं ‘मोठं’ आणि ‘लहान’ चालत नसे. कुणी ‘खूप मोठं’ म्हटलं की त्या शांतपणे विचारत, “कशापेक्षा? किती पायऱ्या?” कोपरखैरण्याच्या आमच्या शाळेत सगळे त्यांना पायरीबाई म्हणायचे. त्यांना ते ठाऊक होतं.

एक पायरी म्हणजे दहापट. बाई दिवाळे गावच्या, कोळ्यांच्या घरातल्या. एकदा त्या डब्यातून सुका जवळा घेऊन आल्या आणि प्रत्येकाच्या तळहातावर एकेक ठेवला. “हा साधारण एक सेंटिमीटर. मोठी कोळंबी दहा. मुशी, म्हणजे छोटा शार्क, मीटरभर. माझ्या भावाची होडी दहा मीटर. जवळ्यापासून होडी किती पायऱ्यांवर?” आम्ही बोटं मोजून तीन म्हणालो. मग त्यांनी सूक्ष्मदर्शकात रक्ताचा थेंब दाखवला. “आता जवळ्यापासून तीन पायऱ्या खाली उतरा. ही रक्तातली पेशी.” वर्गभर वास सुटला होता, पण कुणी नाकाला रुमाल लावला नाही.

मी नोकरीला लागले त्या वर्षी आईच्या गळ्याची सोनोग्राफी झाली. रिपोर्टात चार सेंटिमीटरची गाठ लिहिलेली. आई दोन दिवस धड जेवली नाही. बाई तेव्हा निवृत्त झाल्या होत्या. भेटायला आल्या, कागद वाचला, आईचा गळा बोटांनी हळूच चाचपला आणि घरच्या बोलीत म्हणाल्या, “चार सेंटिमीटर म्हंजे लिंबू. गल्यात लिंबू असता तर हाताला लागला नसता? परत विचारून ये. एक पायरी चुकली असंल.”

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मूळ चित्र पाहिलं. गाठ चार मिलिमीटरची, मसुराएवढी होती. टाइप करताना चूक झाली होती. दर वर्षी तपासत राहा, एवढंच ते म्हणाले. घरी येऊन आईने आधी भात टाकला, मग बाईंना फोन लावला.

गेल्या वर्षी बाईंनी अंथरूण धरलं. मी दिवाळ्याला गेले, तर त्यांनी तब्येतीचं बोलूच दिलं नाही. “विषानू कुठं बसतो, सांग.”

“पेशीच्या दोन पायऱ्या खाली.”

“आनि त्याच्या खाली?”

“ते बघावं लागेल.”

“मंग बगून ये,” त्या म्हणाल्या.

मी बघितलं, पण ऑफिसच्या कामात तीन आठवडे गेले. परत गेले तेव्हा बाई राहिल्या नव्हत्या. त्यांची वहिनी अंगणात मासळी निवडत बसली होती. ती कधी शाळेत गेलेली नव्हती. बाईंना जे सांगायला आले होते, ते मी तिलाच सांगितलं. विषाणूच्या जवळजवळ दोन पायऱ्या खाली डीएनएचा धागा असतो, तो इतका बारीक असतो, आणि आई-बापाचे नाक-डोळे त्यातूनच पोरांत उतरतात.

वहिनीने हातातली मासळी टोपलीत ठेवली, पदराने डोळे पुसले.

“त्यो धागा कशाचा बनलेला हाय?” तिने विचारलं, आणि बसायला पाट पुढे सरकवला.