‘नेहमी’वर केलेली खूण

शी! तो फॉर्म आठवला की अजून किळस येते. सगळा दोष ऑफिसवर ढकलता येत नाही, म्हणून जास्तच येते.

नवऱ्याच्या ऑफिसात सजगतेचं, म्हणजे त्या ‘माइंडफुलनेस’चं, ट्रेनिंग निघालं होतं. माणूस स्वभावतः जितका सजग तितका मनाने सुखी, असं त्यांचं गणित. नवऱ्याबद्दलचा एक फॉर्म बायकोने भरायचा. “नीट भर गं,” नवरा म्हणाला. “पुण्याच्या पोस्टिंगच्या वेळी हेही बघतील बहुतेक.”

पुण्यात माझी आई एकटी. बाथरूममध्ये पडली, गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आता काठी घेऊन चालते. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये तीन वर्षं मी त्या बदलीच्या ऑर्डरकडे डोळे लावून बसले होते.

‘समोरच्याचं बोलणं पूर्ण लक्ष देऊन ऐकतात का?’ आई पडली हे मी दोनदा सांगितलं, तेव्हा दोन्ही वेळा “अच्छा, अच्छा” म्हणत हा मोबाइल चाळत होता. मी ‘नेहमी’वर खूण केली. ‘चिडतात का?’ कधीच नाही. हे मात्र खरं. ज्याचं कशात लक्षच नाही, तो चिडेल कशाला? पालथ्या घड्यावर पाणी! आणि मला आईच्या नुसत्या श्वासावरून फोनवर कळतं, आज ती जिना चढलीय. एवढं लक्ष असून रात्ररात्र झोप नाही. डोंबलाचं सुख!

पंधरा दिवसांनी स्वारी हसत घरी आली. अख्ख्या विभागात पहिला नंबर. “साहेब म्हणाले, इतका स्थिर माणूस दिल्लीतच हवा. आता दोन वर्षं ट्रेनिंग मीच घेणार.”

“आणि पुणं?”

“बघू यार नंतर,” म्हणत त्याने आमटी वाढून घेतली.

ते ताट उचलून फेकावंसं वाटलं. पण फॉर्मवर सही माझी. आपलेच दात, आपलेच ओठ.

तेवढ्यात आईचा फोन आला. “मागची खोली रंगवून घेतली गं तुमच्यासाठी. कधी येताय?”

“लवकरच,” मी बोलून गेले. थू माझ्या जिभेवर!

“मग स्टुलावर चढून पडदे लावूनच टाकते आता,” म्हणून तिने फोन ठेवलासुद्धा. मी लगेच परत लावला. तीनदा लावला, ती उचलेना. “अगं, उचल ना!” मी ओरडले आणि चौथ्यांदा लावला.

नवऱ्याने ताटातून मानही वर केली नाही. “शांत हो,” तो म्हणाला. “आधी एक खोल श्वास घे बघू.”